हावड्यातला मराठी संसार : पैसा कुठे वाचतो, कुठे गळतो

सांगली-सोलापूरकडून हावड्याला आलेलं कुटुंब पहिल्याच उन्हाळ्यात एक काम हमखास करतं. वर्षाची बेगमी. गहू, तांदूळ, डाळी, लाल मिरच्या, सगळं एकदम भरून ठेवायचं. गावाकडे ते शहाणपणाचंच आहे. सुगीला भाव पडलेले असतात आणि हवा कोरडी असते. हावडा मात्र हुगळीच्या काठावर आहे. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत इथली हवा ओल्या पंच्यासारखी अंगाला चिकटते. गव्हात सोंडे होतात, रव्याला जाळी धरते, मिरचीवर बुरशी येते. धान्याला ऊन दाखवावं तरी हवेतला ओलावा जात नाही. शेवटी किलोमागे वाचवलेले चार रुपये सुपातून पाखडून टाकलेल्या धान्यात जातात.

मला सांगायचं आहे ते एवढंच : गावाकडची काटकसर इथे जशीच्या तशी चालत नाही. रेल्वेत बदली होऊन आलेले, बँकेतले, शिबपूरच्या वनस्पती उद्यानात किंवा अभियांत्रिकी संस्थेत नोकरीला आलेले, हावडा पूल ओलांडून बडाबाजारात सोनं-चांदी गाळणारे खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले, सगळ्यांना ही गोष्ट उशिरा कळते. हावड्यात काय स्वस्त, कधी स्वस्त, कुठे स्वस्त, याची घडी वेगळी आहे. ती एकदा कळली की पगार तोच असूनही महिनाअखेर सैल होते.

तेव्हा बेगमी करायची ती हिवाळ्यापुरती. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा बरी असते. तेव्हा दोन-तीन महिन्यांचं धान्य घ्यायला हरकत नाही. पावसाळ्यात मात्र महिन्याचाच किराणा घ्या, रवा-बेसन तर पंधरा दिवसांचंच. ठोक भावाचा फायदा हवा असेल तर पुलापलीकडच्या पोस्ता बाजारात साखर, डाळी, मसाले ठोकाने मिळतात. तिथे चार घरांनी मिळून जावं आणि माल घरी आणून वाटून घ्यावा. एका घराने पोतं घेणं आणि चार घरांनी पोतं घेणं यात भावाचा फरक नाही, सोंड्यांचा आहे.

आता स्वयंपाकघर. खरी गळती इथेच असते, म्हणून इथे जरा थांबू.

आपल्याला तूरडाळीची सवय. बंगालमध्ये रोजच्या ताटात मसूर आणि मूग असतात; तूर मिळते, पण ती इथल्या बाजाराची लाडकी नाही आणि बहुतेक वेळा मसुरीपेक्षा महागच पडते. आठवड्यातले चार दिवस मसुरीची आमटी करा. गोडा मसाला, आमसूल आणि गूळ घातला की घरातली म्हातारी माणसंही तक्रार करत नाहीत. मसूर लवकर शिजते, म्हणजे गॅसही वाचतो. शेंगदाण्याच्या तेलाचंही तसंच. इथे मोहरीचं तेल चालतं. त्याचा वास पहिले काही दिवस नाकाला झोंबतो. तेल धूर येईपर्यंत तापवून, थोडं निवल्यावर फोडणी दिली की उग्रपणा जातो. भाज्यांना आणि मासळीला मोहरी, पोळीला आणि गोडाला दुसरं तेल, अशी वाटणी केली की तेलाचा खर्च आटोक्यात राहतो. मोहरीचं तेल सुटं घेऊ नका, भेसळीचा धोका असतो. सीलबंद, अ‍ॅगमार्कचं घ्या.

भाजीचं गणित अगदी सोपं आहे. कदमतला, कालीबाबूर बाजार, सालकियाचा हरगंज बाजार, यांपैकी जो जवळ असेल तिथे सकाळी नुसती एक फेरी मारा आणि बंगाली गिऱ्हाइकाच्या पिशवीत काय पडतंय ते बघा. पटोल म्हणजे परवल, झिंगे म्हणजे दोडका, पुईशाक म्हणजे आपली मायाळू, लाल शाक म्हणजे लाल माठ, कलमी शाक म्हणजे नाळीची भाजी, कुमडो म्हणजे लाल भोपळा. कच्ची पपई इथे रोजची भाजी आहे, वसंतात शेवग्याच्या शेंगा उतू जातात, आणि केळफूल व केळीचा गाभा दोन्ही बाजारात सहज मिळतात. केळफूल सोलण्याचा कंटाळा येतो हे खरं. पण एका केळफुलात चौघांची भाजी होते. उलट गवार, मेथीच्या जुड्या, हिरवे हरभरे यांसाठी हट्ट धरला की पिशवी हलकी आणि पाकीट रिकामं. मेथी हिवाळ्यात खा, तेव्हा ती इथेही भरपूर असते.

भाव करण्यापेक्षा वेळ साधणं जास्त कामाचं. सकाळी सातला माल ताजा आणि भाव चढा असतो. साडेदहा-अकराच्या सुमाराला भाजीवाल्याला टोपली रिकामी करून घरी जायचं असतं, तेव्हा उरलेला वाटा तो बऱ्याच कमी पैशात देतो. पालेभाजी सकाळी घ्यावी. भोपळा, पपई, बटाटा, परवल अशा टिकाऊ भाज्या उशिरा. नोकरी करणाऱ्यांना हे रविवारीच जमतं, पण रविवारी बंगाली माणूस बाजारात हौसेने खर्च करतो आणि त्या दिवशी मासळीचे भाव चढतात. म्हणून रविवारी भाजी, आणि मासळी आठवड्याच्या मधल्या वारी.

मासळीचा विषय निघालाच आहे तर कोकणातल्या वाचकांना एक सांगायलाच हवं. पापलेट आणि सुरमई इथे मिळतात, पण ती खिशाला जड. मात्र आपला बोंबील इथे ‘लोटे’ नावाने येतो, दिघ्याच्या किनाऱ्याकडून, आणि तो इथल्या स्वस्त मासळीत मोडतो. बंगाली घरांत त्याची कांदा-लसूण घालून कोरडी भाजी करतात. आपण रव्यात घोळून तळावा. रोजच्यासाठी रुई आणि कातला ठीक. मासेवाला डोकं वेगळं देतो, ते टाकू नका. मुगाच्या डाळीत घातलं की दुसऱ्या दिवशीचं जेवण झालं. पावसाळ्यात इलिशच्या, म्हणजे हिलसाच्या, मागे मात्र लागू नका. मोसमात एकदा चवीपुरता आणावा आणि गप्प बसावं. लहान इलिश स्वस्तात दिसतो, पण 23 सेंटिमीटरपेक्षा लहान इलिश पकडायला आणि विकायला राज्यात बंदी आहे, आणि त्यात काट्यांशिवाय काही नसतं.

जे बंगाली ते सगळं स्वस्त, असंही नाही. पोस्तो, म्हणजे खसखस, इथे लोक जीव टाकून खातात आणि तिचा भाव ऐकून आपला जीव जातो. गोविंदभोग तांदूळ सुवासिक, पण तो सणाला. रोजच्या भातासाठी मिनिकेटच्या चकचकीत दाण्याचे जास्तीचे पैसे मोजण्यापेक्षा रत्ना किंवा स्वर्णा घेऊन बघा. दाणा जाड असतो, पण आमटी-भाताला काही बिघडत नाही.

संध्याकाळच्या खाण्यावर किती पैसे जातात याचा हिशोब एकदा महिनाभर लिहून बघा. बिस्किटं, वेफर, फरसाणाच्या पुड्या. इथली मुडी, म्हणजे मुरमुरे, किलोवर मिळते, कुरकुरीत आणि खमंग असते. सांगलीकराला भडंग करायला अजून काय हवं? शेंगदाणे, लसूण, मेतकूट, तिखट. घट्ट झाकणाच्या डब्यात चार-पाच दिवस टिकतं. त्यापुढे हवा त्याला सादळवतेच, म्हणून थोडं थोडंच करा.

गावाहून काय आणायचं, हाही पैशाचाच प्रश्न आहे. जे इथे मिळत नाही किंवा फार महाग मिळतं, टिकतं आणि वजनाने हलकं आहे, तेच आणावं : गोडा मसाला, मेतकूट, आमसुलं, जवसाची चटणी, कुळीथ, थोडी ज्वारी. ज्वारीचं पीठ आणू नका, ज्वारी आणा; पिठाला इथे लवकर वास लागतो आणि चक्की गल्लोगल्ली आहे. रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीच्या प्रवाशाला माणशी 40 किलो, टू एसीला 50 किलो सामान मोफत नेता येतं. चौघांच्या कुटुंबाला हे पुष्कळ झालं. तरीही गव्हाची पोती बांधून आणणारे लोक आहेत. हमालाचे आणि टॅक्सीचे पैसे त्यात धरले तर तो गहू कुठल्या भावाला पडला हे त्यांनी कधी मांडून बघितलेलं नसतं.

गावी जाण्याचा प्रवास हा अशा कुटुंबाचा वर्षातला मोठा खर्च. मुंबईसाठी गीतांजली आणि हावडा-मुंबई मेल, पुण्यासाठी आझाद हिंद, शिवाय पुण्याची दुरांतो. यातली मेख अशी की दुरांतोला 2016 पासून वाढत्या भाड्याचा नियम आहे : जागा भरत जातात तसं भाडं चढत जातं. गीतांजली आणि आझाद हिंद या गाड्यांना तो नियम नाही. त्यामुळे दुरांतोचं तिकीट आरक्षण उघडल्या दिवशी काढलं तर ठीक, आठ दिवस आधी काढलं तर तीच जागा बरीच महाग. 1 नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं 120 दिवस नाही. गणपती आणि दिवाळीच्या तारखा कॅलेंडरवर बघा, 60 दिवस मागे मोजा आणि त्या सकाळी आठला तयार राहा. दुर्गापूजेच्या सुट्टीत सारं बंगाल फिरायला निघतं, तेव्हा त्या पंधरवड्यात तत्काळच्या भरवशावर राहू नये. आणि गाडी कुठून सुटते ते तिकिटावर नीट वाचा. लोकमान्य टिळक टर्मिनसकडे जाणाऱ्या ज्ञानेश्वरी आणि शालिमार एक्स्प्रेस या गाड्या शालिमारहून सुटतात. शिबपूरच्या माणसाला ते सोयीचं, पण जो चुकून हावडा स्टेशनात उतरतो त्याला आयत्या वेळी टॅक्सी मागेल तितकं मोजावं लागतं.

रोजच्या प्रवासात हावडेकर नशीबवान आहेत. 15 मार्च 2024 पासून हावडा मैदान ते एस्प्लनेड मेट्रो हुगळीच्या पात्राखालून धावते आणि 22 ऑगस्ट 2025 पासून ती सियालदहमार्गे थेट सेक्टर फाइव्हपर्यंत जोडली गेली आहे. हावड्याहून एस्प्लनेड 10 रुपयांत. याच अंतराला अ‍ॅपवरची टॅक्सी किती घेते ते पावसात एकदा बघा, म्हणजे पुन्हा बघणार नाही. नदीकाठी कामाला जाणाऱ्यांना फेरीबोट आहे : हावडा घाटावरून बाबूघाट, फेअरली, आर्मेनियन घाट, वरच्या अंगाला अहिरीटोला, शोभाबाजार, बागबाजार. मेट्रोच्या तोडीचं भाडं, वर गर्दीतही अंगाला वारा. चैत्र-वैशाखातल्या संध्याकाळी कालबैशाखीचं वादळ आलं की बोटी थांबतात, तेवढं ध्यानात ठेवा. रोज लोकलने जाणाऱ्याने मासिक पास न काढणं हा तर निव्वळ आळस. गल्लीबोळात टोटो, म्हणजे ई-रिक्षा, चालते. ती अख्खी न घेता वाट्याने घ्यावी.

विजेकडे आपण बिल आल्यावरच बघतो. हावडा शहराच्या बऱ्याच भागाला सीईएससीची वीज आहे आणि दर टप्प्याटप्प्याने वाढतात. म्हणजे वाचवलेलं युनिट नेहमी सर्वात महागड्या टप्प्यातलं असतं. इथे मार्च ते ऑक्टोबर पंखा बंद होत नाही. जुना छताचा पंखा साधारण 75 वॅट घेतो, नवा बीएलडीसी मोटरचा पंखा 30 वॅटच्या आसपास. दिवसाला 16 तास चालणारे दोन पंखे बदलले तर रोज जवळजवळ दीड युनिट वाचतं, आठ महिन्यांत सुमारे 345 युनिट. युनिटला 7 रुपये धरले तरी 2,400 रुपये होतात. पंखा साधारण तीन हजारांना मिळतो. अडीच वर्षांत दोन्ही फिटतात. घरातले सगळे पंखे एकदम बदलू नका. झोपायच्या खोलीतला आधी. वातानुकूलन यंत्र असेल तर ते 24 अंशांवर ठेवा आणि सोबत पंखा लावा. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या मते तापमान एका अंशाने वाढवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते.

घर भाड्याने घेताना एकच सल्ला. तळमजल्याचं भाडं कमी असतं, आणि ते का कमी आहे हे जुलैत कळतं. टिकियापाडा, पंचाननतला अशा सखल भागांत जोराचा पाऊस झाला की पाणी घरात येतं. एकदा फ्रिज भिजला की दोन वर्षांची भाड्याची बचत गेली. घर बघायला जाल तेव्हा घरमालकाला नाही, समोरच्या पानवाल्याला विचारा की पाणी कुठपर्यंत चढतं. भिंतीवरची ओल बघून घ्या, ती खोटं बोलत नाही.

कपड्यांसाठी दोन जागा आणि एक महिना. हावडा मैदानाजवळचा मंगलाहाट हा देशातल्या मोठ्या तयार कपड्यांच्या ठोक बाजारांपैकी एक; नाव मंगळवारचं, पण सोमवारीही भरतो. माल डझन-अर्ध्या डझनाच्या हिशोबाने जातो, म्हणून पुन्हा तेच : चार घरं मिळून जा. मुलांचे रोजचे कपडे, गाऊन, परकर, टॉवेल यांना तिथे जावं. घालून बघणं आणि बदलून मिळणं विसरा. दुसरी जागा पलीकडची, हातीबागान किंवा गडियाहाट, आणि महिना चैत्राचा. पोयला बैशाख एप्रिलच्या मध्यावर येतो. त्या दिवशी व्यापारी नवी वही घालतात, म्हणून त्याआधीचा महिनाभर जुना माल काढून टाकतात. चैत्र सेल म्हणतात तो हा. गुढीपाडवा बहुतेक याच दिवसांत येतो, तेव्हा सबंध वर्षाच्या चादरी, पडदे, सुती साड्या तेव्हाच घेऊन टाका. दुर्गापूजेच्या आदल्या महिन्यात कपडे घ्यायचे नाहीत, हा नियम करा. त्या दिवसांत कोणताही दुकानदार भाव सोडत नाही.

गणपतीची फुलं हावडा पुलाखालच्या मल्लिक घाटावरून आणा, पहाटे. झेंडूच्या माळा तिथे वीस-वीसच्या जुडग्याने मिळतात. दोन घरांना एक जुडगं पुरतं. मुलांची अभ्यासाची पुस्तकं कॉलेज स्ट्रीटला जुनी मिळतात, फक्त आवृत्ती बघून घ्या. रक्तदाब आणि मधुमेहाच्या रोजच्या गोळ्यांसाठी डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयातल्या न्याय्य दराच्या दुकानात चौकशी करा. ज्या घरात दोन माणसं कायमच्या गोळ्यांवर आहेत, तिथे भाजीत घासाघीस करून वर्षभरात वाचणार नाही तेवढं इथे वाचतं.

आता वाचलेला पैसा ठेवायचा कुठे, हा सगळ्यात नाजूक भाग, आणि बंगालमध्ये तर जास्तच. पोस्टातल्या अल्पबचतीत हे राज्य देशात वर्षानुवर्षं अग्रभागी राहिलं आहे. आणि इथेच 1980 च्या सुमाराला लोकांच्या ठेवी गोळा करणारी संचयिता बुडाली, एप्रिल 2013 मध्ये तशीच शारदा बुडाली, तिच्या मागोमाग रोझ व्हॅलीचं प्रकरण बाहेर आलं. ठेवीदार लाखांनी होते. मोलकरणी, रिक्षावाले, भाजीवाले, निवृत्त कारकून. लोक भाबडे होते असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण शारदाचा एजंट ओळखीचा होता, शेजारचा होता, दर आठवड्याला दारात येऊन पैसे नेत होता. पोस्टाचा एजंटही पूर्वी तसाच येई. 2011 च्या अखेरीस सरकारने अल्पबचतीच्या एजंटांचं कमिशन घटवलं आणि काही योजनांवरचं बंदच केलं, त्याच सुमाराला या कंपन्या मात्र आपल्या एजंटांना भरघोस कमिशन देत होत्या. कोण कुणाकडे गेलं असेल हे सांगायला नको. तेव्हा ओळखीचा माणूस ही हमी नव्हे. 2019 च्या कायद्याने नियमनाबाहेरच्या ठेव योजनांवर बंदी आहे. शंका आली तर रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर कंपनीची माहिती बघता येते.

हे लिहिताना आपल्या भिशीकडे डोळेझाक करून चालणार नाही. परगावी आलेल्या मराठी घरांत भिशी असतेच, आणि ती पैशांपेक्षा भेटीगाठींसाठी जास्त उपयोगी असते. ती चालवा, पण रक्कम अशी ठेवा की एक जण बदली होऊन न देता निघून गेला तरी मैत्री तुटू नये. हप्त्यांची वही दोघांकडे असू द्या. भिशीला व्याजाची, सोन्याची किंवा ‘तिकडे गुंतवू’ची जोड मिळाली की त्या दिवशी बाहेर पडा.

सोन्याचंही थोडं. गलाईच्या व्यवसायातल्या माणसाला विचारा, तो सांगेल की दागिना मोडताना मजुरी परत मिळत नाही. ही मजुरी खुद्द हावड्याच्या डोमजूरकडचे कारागीर मुंबईच्या झवेरी बाजारात बसून कमावतात, आणि ती त्यांच्या हाताला मिळावीच. पण लग्नाकार्यासाठी दागिना घेणं वेगळं आणि बचत म्हणून घेणं वेगळं. बचतीसाठी घ्यायचंच तर हॉलमार्क असलेलं नाणं घ्या. 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

बाकी पैशासाठी पोस्ट. आवर्ती ठेव महिन्याला 100 रुपयांपासून सुरू होते, मुदत पाच वर्षं. खातं महिन्याच्या 15 तारखेच्या आत उघडलंत तर पुढचे हप्तेही 15 तारखेच्या आत भरावे लागतात. चुकलेल्या हप्त्याला शंभरामागे एक रुपया दंड, आणि लागोपाठ चार हप्ते चुकले तर खातं खंडित होतं. मुलगी दहा वर्षांच्या आत असेल तर तिच्या नावाने सुकन्या समृद्धी, स्वतःसाठी पीपीएफ, त्यात वर्षाला किमान 500 रुपये. घरातल्या साठी ओलांडलेल्यांसाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना, जिची मर्यादा एप्रिल 2023 पासून 30 लाख आहे. व्याजदर सरकार दर तिमाहीला ठरवतं, ते काउंटरवर विचारून घ्या. बदलीवर असणाऱ्यांना मोठा दिलासा असा की पोस्टातलं खातं देशात कुठल्याही टपाल कार्यालयात हलवता येतं. हावड्यात उघडलेलं खातं उद्या मिरजेला नेता येईल. पासबुकावर वारसाचं नाव घातलंय ना, तेवढं आजच काढून बघा.